जांघेतला हर्निया: तुम्ही थांबला आहात की टाळताय?

पत्र (संक्षिप्त, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

माझं वय ५४. गोदामात कामाला आहे. दिवसभर उभं राहणं आणि अधूनमधून जड खोकी उचलणं असं काम. दीड वर्षापूर्वी उजव्या जांघेत छोटासा फुगवटा जाणवला, झोपलं की आत जायचा. डॉक्टरांनी बघताक्षणी हर्निया सांगितला आणि सवडीने ऑपरेशन करून घ्या म्हणाले. दुखत नव्हतं, म्हणून थांबलो. पट्टा विकत आणला, रोज कामावर जाताना बांधतो. गेल्या चार-पाच महिन्यांत मात्र संध्याकाळी ओढल्यासारखं दुखतं, फुगवटाही वाढलाय, आणि तो आत घालवायला आता आडवं पडून हाताने दाबावं लागतं. मोठ्या भावाचं तीस वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं होतं. दोन महिने ते घरी पडून होते आणि काही वर्षांनी हर्निया परत आला. आता जाळी बसवतात म्हणे, पण जाळीने जन्मभर दुखत राहतं असंही कानावर आलं. वैवाहिक आयुष्यावर परिणाम होईल का, हीही भीती आहे. पत्नीला यातलं काही सांगितलेलं नाही. जागाच अशी आहे की बोलायला संकोच वाटतो. तिने पट्ट्याबद्दल विचारलं तेव्हा कंबर दुखते असं सांगून वेळ मारून नेली. अजून काही वर्षं असंच काढता येईल का?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर दीड वर्षापूर्वी एक होतं आणि आज दुसरं आहे.

दीड वर्षापूर्वी तुम्ही थांबलात, त्यात काही गैर नव्हतं. जांघेतला हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं किंवा आतली चरबी बाहेर येणं. तो दिसला की लगेच कापायचाच, असा नियम नाही. उत्तर अमेरिकेत याचा नीट अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्रास नसलेले किंवा अगदी किरकोळ त्रास असलेले ७२० पुरुष त्यात होते. निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना फक्त नजरेखाली ठेवलं. थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकून धावपळ करावी लागण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. हजार माणसं वर्षभर थांबली तर साधारण दोघांना, इतकं. त्यामुळे त्रास नसताना थांबणं पुरुषांसाठी बऱ्यापैकी सुरक्षित आहे, हे तेव्हापासून जगभरातले सर्जन मानतात.

पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. थांबलेल्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याने दोन वर्षांच्या आत स्वतःहून ऑपरेशन करून घेतलं. दहा वर्षांपर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांच्या आसपास जातो, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत दिसलं. कारण बहुतेकांचं एकच होतं, दुखू लागलं. म्हणजे थांबून हर्निया बरा होत नाही. मोठ्या माणसात तो आपोआप कधीच बुजत नाही. थांबल्याने फक्त वेळ मिळतो.

तो वेळ तुम्ही कसा घालवलात, याकडे जरा बघा. ठरवून थांबणारा माणूस अधूनमधून सर्जनला दाखवतो. फुगवटा वाढतोय का, आत जायला त्रास देतोय का, याकडे त्याचं लक्ष असतं, आणि कुठल्या क्षणी निर्णय बदलायचा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या पत्रात या दीड वर्षात डॉक्टरांकडे पुन्हा गेल्याचा उल्लेख नाही. घरात कुणाला माहीत नाही. बदल मात्र तुम्ही अगदी बारकाईने टिपले आहेत: दुखणं सुरू झालं, आकार वाढला, आत घालवायला हात लावावा लागतो. ज्या खुणा दिसल्यावर थांबणं संपवायचं असतं, नेमक्या त्याच तुम्ही लिहिल्या आहेत. मला हे टाळणं वाटतं. ते समजू शकतो, पण त्याला थांबणं म्हणू नका.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. वर्षांची भाषा सोडा. येत्या आठ-पंधरा दिवसांत सर्जनला दाखवा आणि पुढच्या काही आठवड्यांत सोयीची तारीख ठरवा. घाबरून पळायची वेळ आलेली नाही, पण तारीख तुम्ही निवडायची की हर्नियाने, हा पर्याय आज तुमच्या हातात आहे.

दरम्यान एक गोष्ट पाठ करून ठेवा, आणि फक्त तुम्ही नाही, घरातल्या अजून एकाने तरी. फुगवटा आत जाईनासा झाला, कडक झाला, हात लावू न देण्याइतका दुखू लागला, वरची त्वचा लाल किंवा काळसर दिसू लागली, त्यातच उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वारा किंवा शौच होईना, तर घरी जोर लावून तो आत ढकलत बसायचं नाही. काही न खाता-पिता थेट रुग्णालय गाठायचं, मग मध्यरात्र का असेना. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडत असतो आणि तिथे तास मोजले जातात.

आता तुमच्या पट्ट्याबद्दल. पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, वाढायचाही थांबत नाही. बांधायचाच असेल तर आडवं पडून, फुगवटा पूर्ण आत गेल्यावरच बांधायचा. बाहेर आलेल्या फुगवट्यावर तो करकचून आवळणं धोक्याचं, कारण आत काय दाबलं जातंय ते आपल्याला दिसत नाही. तारीख मिळेपर्यंतचा आधार एवढंच त्याचं काम. मला तर वाटतं, तुमच्या बाबतीत पट्ट्याने एक वेगळंच नुकसान केलंय. आपण काहीतरी उपाय करतोय असं समाधान त्याने रोज सकाळी दिलं.

भावांचं ऑपरेशन तुमच्या मनात घट्ट बसलंय, आणि ते स्वाभाविक आहे. घरात पाहिलेल्या एका उदाहरणासमोर शंभर आकडे फिके पडतात. पण तीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर काय केलं असेल आणि आज तुमच्यावर काय केलं जाईल, यात बराच फरक आहे. इटलीतले सर्जन एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात जी पद्धत बसवली, तिचेच वेगवेगळे अवतार पुढे शंभर वर्षं चालले. पोटाच्या भिंतीतल्या फटीच्या दोन्ही कडा ओढून टाक्यांनी एकत्र शिवायच्या. उसवलेल्या जागी कापडच विरलं असेल तर कडा ओढून घातलेली शिवण ताणली जाते आणि पुन्हा उसवते, तसंच इथे व्हायचं. म्हणून दुखायचं जास्त आणि हर्निया परतही यायचा. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये अर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी कडा न ओढता वरून जाळी लावायची पद्धत रूढ केली. ताण गेला, आणि परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. मोठ्या माणसांच्या जांघेतल्या हर्नियासाठी जाळी वापरावी, अशी शिफारस २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही केली आहे.

जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. सर्जन कित्येक दशकं ज्या धाग्याने टाके घालत आले, त्यातलाच हा एक पदार्थ. काही आठवड्यांत शरीराचे तंतू तिच्या छिद्रांतून वाढतात आणि ती भिंतीचाच भाग होऊन जाते. जंतुसंसर्गामुळे जाळी काढावी लागण्याची वेळ क्वचितच येते.

पण जन्मभर दुखतं हे तुम्ही जे ऐकलंत, त्याला निव्वळ अफवा म्हणून मी उडवून लावणार नाही. ऑपरेशननंतर तीन महिने उलटूनही जाणवण्याइतकं दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण साधारण १० ते १२ टक्के सांगितलं जातं. रोजचं काम अडेल इतकं दुखणारे त्याहून बरेच कमी. हे दुखणं फक्त जाळीचं नसतं. जांघेतून तीन बारीक नसा जातात, त्यांना धक्का लागला, त्या टाक्यात किंवा व्रणात सापडल्या तर दुखतं, आणि जाळी नसलेल्या जुन्या पद्धतीनंतरही लोकांना हा त्रास होत असे. ऑपरेशनच्या आधी जितकं जास्त दुखत असेल तितकी नंतरही दुखण्याची शक्यता वाढते. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका असं मी म्हणतोय, त्यामागे हेही एक कारण आहे. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर आता हे असंच चालायचं म्हणून गप्प बसायचं नाही. त्यावर उपचार आहेत: औषधं, नसेभोवती भुलीचं इंजेक्शन, आणि मोजक्या वेळी पुन्हा शस्त्रक्रिया.

वैवाहिक आयुष्याबद्दल तुम्ही एका ओळीत, घाईघाईने लिहिलंय. तीच काळजी मनात सर्वात मोठी असते, असं मला नेहमी वाटतं. हे ऑपरेशन पोटाच्या भिंतीवरचं असतं. लैंगिक क्षमता त्याने जात नाही. वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या त्याच वाटेने जातात, म्हणून सर्जन त्या जपून बाजूला घेतात. वृषणाचा रक्तपुरवठा बिघडणं हा धोका आहे, पण तो दुर्मीळ आहे, आणि हर्निया खूप मोठा झालेला असेल किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं तर थोडा जास्त. संबंध पुन्हा कधी सुरू करायचे याला ठरलेला दिवस नाही. दुखत नसेल तेव्हा. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत अडचण राहत नाही. उलट, फुगवटा आणि दुखण्यामुळे आधीच जे अवघडलेपण आलेलं असतं, ते पुष्कळांचं ऑपरेशननंतर कमी होतं.

आता सर्जनकडे गेल्यावर निवड समोर येईल ती उघड्या पद्धतीची की दुर्बिणीची. उघड्या पद्धतीत जांघेत एक छेद घेतात. ती जागेपुरती भूल देऊनही करता येते, त्यामुळे हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांना सोयीची. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटावर तीन लहान छिद्रं घेतात, जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसते, आणि बहुधा पूर्ण भूल लागते. पहिल्या दिवसांत दुखणं कमी, नंतर रेंगाळणारं दुखणंही कमी, कामावर परतणं लवकर. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा आधीचं उघडं ऑपरेशन फसलेलं असेल तर दुर्बिणीचं पारडं जड. पोटाच्या खालच्या भागावर आधी मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, विशेषतः प्रोस्टेटची, तर उघडी पद्धत बरी. पण या सगळ्यापेक्षा मी एकाच गोष्टीला जास्त महत्त्व देईन: समोरच्या सर्जनचा हात कुठल्या पद्धतीवर बसलेला आहे. सरळ विचारा, “तुम्ही स्वतः ही शस्त्रक्रिया नेहमी कोणत्या पद्धतीने करता, आणि माझ्यासाठी तीच का?” विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, जुना खोकला, लघवीला जोर लावावा लागणं, यातलं काही असेल तर न विचारताही सांगा. सिगारेट ओढत असाल तर ती आजपासून बंद. जखम भरायला ती आड येते, आणि खोकला नव्या जाळीवर दिवसभर दाब देत राहतो.

दोन महिने पडून राहण्याच्या भीतीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण खरी अडचण तीच आहे असं दिसतं. अंथरुणात पडून राहिल्याने जांघ लवकर भरून येते, ही समजूत फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे. कॅनडात टोरांटोला अर्ल शोल्डाइस यांनी १९४५ मध्ये फक्त हर्नियासाठी रुग्णालय काढलं. तिथे तेव्हाही, जाळीशिवाय, रुग्णांना ऑपरेशन झाल्या-झाल्या चालायला लावत. आजच्या सूचना आणखी मोकळ्या आहेत: झेपेल तसं, झेपेल तेव्हा नेहमीची कामं सुरू करा. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, शौचाला कडक होतं आणि कुंथताना टाक्यांवर उगाच ताण येतो.

प्रत्यक्षात असं घडतं. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घरी जाण्याआधी लघवी झाली पाहिजे, कारण भुलीनंतर ती अडकू शकते. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्तच. पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या खोलीत चाला. जिना चढायला हरकत नाही, सावकाश. पहिले दोन-तीन दिवस सर्वात दुखतं, आणि तेव्हा गोळ्या दुखू लागल्यावर नव्हे, दिलेल्या वेळेवर घ्यायच्या. दुखणं दबलं की माणूस चालतो, चालला की बरा होतो. उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन उठा. खोकला किंवा शिंक आली की तळहाताने जागा दाबून धरा. पाणी भरपूर प्या, आणि शौच मऊ राहील असं औषध डॉक्टरांकडून पहिल्या दिवशीच मागून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक दृश्य पुरुषांना हमखास घाबरवतं. अंडकोष सुजतो, आणि तिथली त्वचा निळी-काळी पडते, कधी शिश्नापर्यंत. वरचं रक्त खाली उतरून साचतं, एवढंच असतं ते. घट्ट आधाराची अंतर्वस्त्रं वापरा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ लावा, आठवडा-दोन आठवड्यांत ते ओसरतं. छेदाखाली कडक वळकटी हाताला लागते, आजूबाजूची त्वचा बधिर वाटते. वळकटी काही आठवड्यांत मऊ होते, बधिरपणा हळूहळू आक्रसतो, काहींना थोडासा कायमचा राहतो. आणि कधीकधी नेमक्या जुन्या जागी पुन्हा फुगवटा दिसतो. हर्निया परत आला म्हणून लोक हादरतात. बहुतेक वेळा ते साठलेलं पाणी असतं आणि आपोआप जिरतं. तरी दाखवून घ्यावं, म्हणजे डोक्याला घोर लागत नाही. ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी लाली, भराभर वाढणारी सूज, लघवी बंद होणं, वृषणात जबर वेदना, पोटरी सुजणं किंवा दम लागणं, यातलं काही झालं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

गाडी कधी चालवायची याची सोपी कसोटी अशी: उभ्या गाडीत बसून ब्रेकवर जोरात, अचानक पाय मारून बघा. हात न चुकता जांघेकडे गेला तर अजून थांबा. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असताना तर नाहीच. बैठं काम असणारे आठवड्या-दोन आठवड्यांत रुळतात. तुमचं काम ओझ्याचं आहे, म्हणून तुमच्या सर्जनशी मोकळेपणाने बोला. बरेच सर्जन जड उचलण्यासाठी चार-सहा आठवडे थांबायला सांगतात, काही त्याआधीही परवानगी देतात. तुम्ही कामावर जाऊ शकाल ते त्याच्या बरंच आधी, फक्त उचलायचं काम सोडून. म्हणून जाण्याआधीच वरिष्ठांना सांगा आणि किती आठवडे हलकं काम द्यावं याचं लेखी पत्र डॉक्टरांकडून घ्या. नाव हर्निया लिहिलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुरुषांत साधारण चौघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. तुमच्याच गोदामात तो झालेला, आणि न बोललेला, आणखी कुणी असेलच.

ओझं उचलल्यामुळे तुम्हीच हा ओढवून घेतला, असं तुम्ही लिहिलं नसलं तरी पत्रात ते जाणवतं. पुरुषांच्या पोटाच्या भिंतीत ही जागा जन्मापासूनच कच्ची असते. वृषण गर्भात असताना पोटातून खाली उतरतात ती हीच वाट. घराण्यात तो असणं हेही कारण असतं, आणि भावांना झाला म्हणजे तुमचा धोका वाढलेलाच होता. ओझ्याने तो दिसायला लागला असेल. एवढ्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

पत्नीला आज-उद्याच सांगा. संकोच वाटतो म्हणून तुम्ही लपवताय, पण पट्टा त्यांना दिसलाय, त्यांनी विचारलंय, आणि उत्तर पटलं असेल याची खात्री मला नाही. न सांगितलेल्या आजाराची कल्पना माणूस नेहमी मोठीच करतो. आणि मघाशी लिहिलेल्या धोक्याच्या खुणा ज्याने ओळखायच्या, असा घरातला माणूस बहुधा त्याच असतील. बोलायला सुचत नसेल तर एवढंच म्हणा: “कंबर नव्हती दुखत, हर्निया आहे, ऑपरेशन साधं आहे, पण डॉक्टरांकडे तू माझ्याबरोबर यावंस असं वाटतं.” मुलगा मोठा असेल तर त्यालाही कळू द्या. त्याने तपासण्या करत फिरायची गरज नाही. कधी जांघेत फुगवटा दिसला तर बोलायला संकोचू नये, इतकंच.

हे सदर वाचणाऱ्या स्त्रियांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण वर थांबण्याबद्दल जे लिहिलं ते त्यांना लागू नाही. स्त्रियांत जांघेचे हर्निया कमी होतात, पण त्यातले बरेच मांडीच्या वरच्या टोकाशी, अरुंद वाटेतून येतात. ते आकाराने लहान असतात, गाठ समजून दुर्लक्षिले जातात आणि अडकण्याचं त्यांचं प्रमाण खूप जास्त असतं. जांघेत न दुखणारी छोटी गाठ असली तरी ती सर्जनला दाखवा, गरज पडली तर सोनोग्राफी करून घ्या, आणि हर्निया निघाला तर ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणि ज्या पुरुषांचा हर्निया लहान आहे, दुखत नाही, झोपलं की आपोआप आत जातो, त्यांनी या पत्राने धास्तावून जाऊ नये. एकदा सर्जनला दाखवा, कधी परत यायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या, आणि मग निवांत थांबा.